पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने होणारा)

मेंदूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली, की तिच्या हद्दीतला मेंदूचा भाग काही मिनिटांतच मरू लागतो. त्यातून येणारा झटका. पक्षाघाताचे बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटलेली असते. खानदेशात दोन्हींना लकवाच म्हणतात, पण उपचार अगदी उलटे आहेत.

शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि शिल्लक काहीच ठेवत नाही. मोठी धमनी बंद पडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. मेलेल्या गाभ्याभोवतीचा भाग मात्र शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर काही तास तग धरतो. सगळी धावपळ त्याच्यासाठी असते.

रावेर-यावलच्या केळीबागेत ठिबकची नळी कधी आतून क्षार धरून बुजते, कधी वरून वाहत आलेल्या कचऱ्याने. धमनीचेही तसेच. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांमुळे तिच्या भिंतीवर चरबीचे थर चढतात. किंवा ठोके अनियमित असले, झडप खराब असली, तर हृदयात गुठळी होऊन वर जाते.

तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, बोबडी वळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं असेल’, आणि कांदा हुंगवतात. नुसत्या उन्हाने अशी एकच बाजू सहसा जात नाही. नंतर तेलमालिश, मग ‘सकाळी पाहू’. यातच वेळ जातो. लक्षणे काही मिनिटांत गेली तरी दवाखाना टाळू नये. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. निवडक रुग्णांत तारेने गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून घाट उतरून नंदुरबार गाठायचे, तर यातले बरेच तास रस्त्यातच जातात. म्हणून १०८ला लगेच फोन करावा. गिळताना ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ शकते, तेव्हा तोंडाने चहा-पाणी, गोळी काही देऊ नये, अ‍ॅस्पिरिनही नाही. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, हे डॉक्टर आधी विचारतात. झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर वेळ झोपण्यापासून धरतात.