बोलिंगच्या बॉलचा अक्ष कुठे सरकतो?

परदेशी स्पर्धांच्या रील्स पाहून पर्वरी-मडगावची मुलं गेम झोनमध्ये टेनपिन बोलिंग खेळतात, म्हणजे लांब लेनच्या टोकाला उभ्या दहा पिना जड बॉल घरंगळवून पाडतात. रील्समधल्यासारखा बॉल वळावा म्हणून ती मनगट पिळून तो टाकतात. तो सरळच गेला की निदान ठरलेलं: "त्यांच्या बॉलची एक बाजू जड असते, म्हणून तो तिकडे वळतो." ही समजूत जुनी आहे. बॉलला बोटांची भोकं पाडून देणारे ड्रिलरही वर्षानुवर्षं असंच मानत आले.

हिशोब करून पाहू. १५ पौंडांचा बॉल म्हणजे २४० औंस. अमेरिकेतल्या या खेळाचे नियम ठरवणाऱ्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांत बॉलच्या दोन अर्ध्या भागांच्या वजनात जास्तीत जास्त ३ औंसांचा फरक चालतो. एवढ्याने गुरुत्वमध्य मिलिमीटरभरही सरकत नाही. वजन समतोल करणारं जादा भोकही ऑगस्ट २०२० पासून नियमांतून गेलं, तरी बॉल वळतातच. आपल्याकडे बोअरवेल मारण्याआधी तळहातावर नारळ धरून पाणी शोधणारे असतात. नारळ उभा राहतो तो हाताच्या न कळणाऱ्या हालचालीने, श्रेय मात्र जमिनीखालच्या पाण्याला जातं. इथेही भलत्याच गोष्टीला श्रेय मिळालं आहे.

बॉल वळवतं ते घर्षण. साठ फुटी लेनच्या पहिल्या चाळीसेक फुटांवर तेल असतं, तिथे बॉल घसरत जातो. त्याची फिरकी तिरकी असते. पुढच्या कोरड्या भागावर तळ पकड घेतो आणि ती फिरकी बॉलला बाजूला ढकलते. हाच हूक. गेम झोनमधले बॉल गुळगुळीत प्लॅस्टिकचे असतात. त्यांना पकडच मिळत नाही, म्हणून ते सरळ जातात.

मग भोकांच्या जागेचा, म्हणजे लेआउटचा संबंध काय? मला या खेळात सर्वांत आवडणारा भाग हाच.

महागड्या बॉलच्या पोटात लांबट, जड गाभा असतो. त्याच्या टोकावर कवचात एक छोटा रंगीत ठिपका असतो. त्यालाही पिनच म्हणतात, पण पाडायच्या पिनांशी त्याचं नातं नाही. बॉल हातातून सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो, त्याचं पृष्ठभागावरचं टोक म्हणजे पॅप. प्रत्येक खेळाडूचा पॅप त्याच्या मनगटानुसार वेगळा असतो, पण पकडीच्या भोकांपासून मोजला की ठरावीक जागी सापडतो. म्हणून ड्रिलर भोकं कुठे पाडायची हे ठरवतो, तेव्हा तो खरं तर पिन आणि पॅप यांतलं अंतर ठरवत असतो.

अर्धी भरलेली बाटली तिरकी भिरकावली तर ती डगमगत फिरते. बॉलचंही तसंच होतं. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेली समीकरणं सांगतात की, अक्ष गाभ्याच्या टोकावर किंवा बरोबर काटकोनात असेल तर फिरणं स्थिर राहतं. मधल्या कोनात मात्र अक्ष बॉलच्या अंगावरून सरकू लागतो. गाभा सममित असेल तर पिनपासून तेच अंतर राखून तो पिनभोवती वर्तुळ काढू पाहतो. हा सरकण्याचा वेग कोनाच्या साइन गुणिले कोसाइनच्या प्रमाणात असतो. हा गुणाकार ० अंशाला शून्य, ९० अंशालाही शून्य, आणि ४५ अंशांवर सर्वांत मोठा. बॉलचा परीघ २७ इंच, त्याचा आठवा भाग ३.३७५ इंच. ड्रिलरच्या पट्टीवर दिसणारा हा विचित्र आकडा थेट ऑयलरच्या गणितातून येतो.

अक्ष सरकला की प्रत्येक गिरकीत बॉलची नवी, तेल न लागलेली पट्टी लेनला टेकते. टाकून परत आलेल्या बॉलवर तेलाची वर्तुळं पंख्यासारखी पसरलेली दिसतात, त्याला फ्लेअर म्हणतात. तेलाच्या जुन्या पट्टीवरच पुन्हा फिरला असता तर बॉल पुढेही घसरत राहिला असता. पिन पॅपपासून ३.३७५ इंचांवर असेल तर फ्लेअर सर्वाधिक मिळतो. अंतर शून्याकडे किंवा ६.७५ इंचांकडे नेलं की तो आटतो आणि बॉल शांत वागतो.

"आमच्या लेआउटने तुमचा हूक दुप्पट" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कवचाचं रसायन आणि त्याचा खरखरीतपणा यांचा वाटा लेआउटपेक्षा मोठा आहे. घासपेपरने बॉल घासला की तो लवकर पकड घेतो, पॉलिश केला की लांब घसरतो. स्वतःचा बॉल घेणार असाल तर आधी ड्रिलरकडून पॅप मोजून घ्या. तो मोजण्याआधीच ड्रिल हातात घेणाऱ्याकडे बॉल देऊ नका, कारण भोकं एकदा पडली की पिन जागची हलत नाही.