छायाचित्रावरून मानवाकृतींचे लघुरेखाटन

छायाचित्र समोर ठेवून माणसाची उभी, बसलेली किंवा काम करणारी आकृती पाच ते दहा सेंटिमीटर उंचीत, मोजक्या रेषांत आणि ठरवून घेतलेल्या थोड्या वेळात काढण्याचा सराव. चित्रकलेच्या वर्गांत त्याला नुसते ‘फिगर’ किंवा ‘स्केचिंग’ म्हणतात. चेहऱ्याचे साम्य साधणे हा त्याचा हेतू नसल्याने तो व्यक्तिचित्रणापासून वेगळा पडतो; शरीराचा तोल, अवयवांचे परस्परप्रमाण आणि हालचालीची दिशा पकडणे हेच येथे साध्य असते.

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जिवंत मॉडेलवरून चित्रण करण्याच्या अभ्यासाला विशेष महत्त्व आले. तथापि असे मॉडेल कलाशाळेबाहेरच्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या शालेय मुलांना स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात, आणि त्यांची तयारी बहुधा छायाचित्रांवरच होते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. राजा रविवर्मा यांनीही चित्रांसाठी छायाचित्रांचा आधार घेतला होता. दुसरीकडे, मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांचे पेहराव आणि लकबी आपल्या चित्रांतून व पोस्टकार्डांतून टिपणारे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या आकृतींत जी सहजता दिसते, ती माणसे सतत पाहत आणि काढत राहिल्याखेरीज येत नाही.

आकार लहान ठेवण्यामागे निश्चित कारण आहे. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसातपट धरली जाते. आकृती साडेसात सेंटिमीटरची असेल, तर डोके जेमतेम एक सेंटिमीटरचे होते आणि एका डोळ्याच्या वाट्याला दीड मिलिमीटरही येत नाही. पेन्सिलीचे टोक स्वतःच अर्धा मिलिमीटर जागा घेत असल्यामुळे पापण्या, नखे, गुंड्या यांना कागदावर जागाच उरत नाही. नवशिक्याचा हात नेमका या तपशिलांकडे धावतो. लघुरेखाटनात ती वाट बंद होते आणि मान कोणीकडे कलली आहे, पाठीला किती बाक आहे, भार कोणत्या पायावर आहे, एवढेच पाहावे लागते.

यांपैकी भाराचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो बाह्यरेषेच्या आधी सोडवावा लागतो. माणूस एका पायावर रेलून उभा असेल, तर गळ्याच्या खोबणीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी कल्पित रेषा, त्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर उचलले जाते आणि तोल राखण्यासाठी त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. म्हणून प्रथम खांद्यांची व कंबरेची अशा दोन तिरप्या रेषा, मग कण्याचा वळसा, मग भार पेलणारा पाय आणि शेवटी बाकीचे शरीर, असा क्रम उपयोगी पडतो. कडेवरून रेषा फिरवत गेलेले चित्र छायाचित्राशी जुळलेले दिसते, पण त्यातला माणूस जमिनीवर उभा राहत नाही. वेळ एका आकृतीला अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत देतात. साधन म्हणून २बी किंवा ४बी अशी मऊ शिशाची पेन्सिल पुरते. खोडता येत नाही म्हणून काही जण मुद्दाम बॉलपेन वापरतात, आणि रेषा ठाम होण्यास त्याचा खरोखर फायदा होतो.

मुंबईत या अभ्यासाला मिळणारे विषय फार समृद्ध आहेत. डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीची मान आणि पाठ ओझ्याखाली सरळ राहते, तर हालचाल कंबरेखाली होते. तिचे लुगडे घट्ट कासोटा घालून नेसलेले असल्याने मांडी आणि गुडघा कापडाखालीही ओळखू येतात. पाचवारी साडीत मात्र निऱ्या दोन्ही पाय झाकतात आणि गुडघ्याची जागा एखाद्या चुणीवरून ताडावी लागते. लोकलच्या दारात दांडा धरून उभ्या असलेल्या प्रवाशाचा भार पाय आणि हात यांत वाटला जातो, त्यामुळे ओळंब्याचा वरचा नियम तेथे लागू पडत नाही.

छायाचित्राचे दोषही ओळखून घ्यावे लागतात. मोबाइलचे भिंग विस्तृत कोनाचे असल्याने फोटो जवळून घेतला जातो, आणि जवळचा अवयव प्रमाणाबाहेर मोठा होतो. उभ्याने खाली बसलेल्या मुलाचा फोटो घेतल्यास डोके मोठे व पाय आखूड येतात. सावल्या एकजात काळ्या पडून त्यांतील उठाव नाहीसा होतो. चालणाऱ्याचे चित्र पाऊल टाकण्याच्या मधल्याच क्षणी गोठल्यास तो पडत असल्यासारखा दिसतो. फोटोत पाहिलेली मुद्रा आरशापुढे स्वतः घेऊन पाहिल्यास यांतल्या बऱ्याच चुका कळतात.

छायाचित्राचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याने संरक्षित आहे. खासगी अभ्यासासाठी वापर करता येतो, प्रदर्शन किंवा विक्रीसाठी मात्र हक्कधारकाची परवानगी घ्यावी.

वेगवेगळ्या फोटोंवरून काढलेल्या आकृती एका प्रसंगात बसवणे हा या सरावाचा पुढचा व अधिक अवघड टप्पा होय. ही अडचण जुनी आहे. छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी स्वतंत्रपणे टिपलेल्या माणसांना दुसऱ्या छायाचित्रांतील पार्श्वभूमीवर जोडले होते. रेखाटनात हा सांधा जुळवण्याचे मुख्य साधन म्हणजे दृष्टिरेषा, अर्थात पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा. सपाट फलाटावरची गर्दी उभ्या माणसाच्या नजरेतून दाखवायची असेल, तर त्याच्याच उंचीच्या सर्व माणसांचे डोळे, ती जवळ असोत वा दूर, एकाच आडव्या रेषेवर येतात आणि अंतराप्रमाणे केवळ त्यांची पावले वरखाली होतात. यासाठी निवडलेले सर्व फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेले असावेत. पुलावरून टिपलेला हमाल आणि फलाटावरून टिपलेली फुलवाली एका चित्रात शेजारी उभी करायची झाल्यास त्यांपैकी एक आकृती नव्याने काढावी लागते.