फीडर ट्रिप होणं वेगळं, क्वेंच होणं वेगळं

पावसाच्या तोंडाला देवगड-राजापूरकडे लाईट जाते तेव्हा कारण बहुतेकदा तारेबाहेरचं असतं. माडाची झावळ ११ केव्हीच्या तारांवर पडते, किंवा इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्याने साचलेला मिठाचा थर ओला होतो आणि त्यावरून वीज उडते. ब्रेकर उघडतो, फीडर म्हणजे गावांना वीज पुरवणारी लाईन ट्रिप होते. झावळ आपोआप खाली गेली तर फीडर लगेच पुन्हा चालू होतो. नाहीतर वायरमन भर पावसात अख्खी लाईन पायी तपासतो. ते काम कुणी हलकं समजू नये.

अणुसंमीलनाच्या (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) यंत्रातली अतिसंवाहक वाहिनी बंद पडली असं वाचलं की हेच डोळ्यांसमोर येतं. पण तिथे क्वेंच होतो, आणि तो वाहिनीच्या आतून सुरू होतो. द्रवरूप हेलियमच्या थंडीत, सुमारे ४.५ केल्विनला (उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास), वाहिनीचा रोध शून्य असतो. एखादा बिंदू किंचित तापला की तिथे रोध परत येतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि ती शेजारच्या भागात पसरत जाते. यालाच क्वेंच म्हणतात.

खरा फरक प्रवाह थांबवण्यात आहे. आपल्याकडे ब्रेकर उघडला की प्रश्न मिटतो. फ्रान्समधल्या इटर या अणुसंमीलन प्रकल्पात मुख्य चुंबकांच्या वाहिन्यांतून ६८ हजार अँपिअर जाणार आहेत आणि त्या चुंबकक्षेत्रात ४१ गिगाज्यूल ऊर्जा साठणार आहे. म्हणजे ११ हजारांहून जास्त युनिट. महिन्याला १०० युनिट लागणाऱ्या घराला नऊ वर्षं पुरतील एवढी. प्रवाह एका क्षणात तोडला तर प्रचंड व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फाटेल. म्हणून क्वेंच ओळखताच ही ऊर्जा बाहेरच्या मोठ्या रोधकांत वळवून तिथे उष्णतेच्या रूपात काढून टाकायची असते. त्यानंतर चुंबक पुन्हा थंड करायला काही वेळा दिवस जातात. त्यामुळे क्वेंच नसताना झाल्याची खोटी सूचना मिळणंही महागात पडतं, आणि प्लाझ्माचं (यंत्रातल्या अतितप्त, विद्युतभारित वायूचं) बदलतं चुंबकक्षेत्र क्वेंच ओळखणाऱ्या उपकरणांना सहज चकवू शकतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते वाहिन्या जोडणाऱ्या सांध्यांकडे. ६८ हजार अँपिअरला एका नॅनोओहमच्या (ओहमचा अब्जावा भाग) रोधाच्या सांध्यातही साडेचार वॅटहून थोडी जास्त उष्णता निघते, आणि एवढ्या थंडीत एक वॅट उष्णता उपसायला बाहेर काही शे वॅट वीज खर्चावी लागते. १९ सप्टेंबर २००८ ला जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेच्या एलएचसीत (ते संमीलनाचं नव्हे, कणत्वरकाचं यंत्र) दोन चुंबकांमधला असाच एक सदोष सांधा वितळला. त्याचा रोध होता जेमतेम २०० नॅनोओहम. काही टन हेलियम बाहेर पडला आणि यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद राहिलं. गांधीनगरजवळ भाटच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही एसएसटी-१ या संमीलन-यंत्राची पुनर्जुळणी करताना सांधे नव्याने बनवावे लागले. नव्या सांध्यांचा रोध एका नॅनोओहमच्या खाली आणला गेला, आणि २०१३ मध्ये त्या यंत्रात पहिला प्लाझ्मा मिळाला.