गुपचूप विचारलेल्या प्रश्नाला फोन काय उत्तर देतो?

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या नववीच्या मुलाला झोपेत वीर्यपतन झालं, तर तो कुणाला विचारणार? वडिलांना नाही, सरांना तर नाहीच. तो पांघरुणात फोन घेतो आणि रोमन अक्षरांत मराठी टाइप करतो: ‘स्वप्नदोष उपाय’.

इथेच गाडी रुळावरून घसरते. शोधयंत्र लिहिलेल्या शब्दांशी जुळणारी पानं वर आणतं. ‘उपाय’ मागितला की उपाय विकणारे पुढे सरसावतात. ‘या वयात असं होतं का?’ असं विचारलं असतं तर उत्तरं वेगळी आली असती; पण घाबरलेला मुलगा आपल्याला आजार झालाय असं धरूनच चालतो. त्यातला एखादा व्हिडिओ त्यानं शेवटपर्यंत पाहिला, की तसलेच आणखी चार समोर येतात. माणूस किती वेळ खिळून राहिला, हे व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्रणेला बरोबर कळतं. ऐकलेलं खरं होतं का, हे कळत नाही.

खरं उत्तर साधं आहे. वयात येताना वृषणात शुक्रजंतू तयार होऊ लागतात आणि ते काम पुढे सतत चालू राहतं. वीर्याचा बहुतेक भाग म्हणजे शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथींचा स्राव. रक्त आटून वीर्य होत नाही, त्यामुळे ते बाहेर पडल्यानं अशक्तपणाही येत नाही. असल्या उपायांची जाहिरात करणं कायद्यालाही मान्य नाही: लैंगिक ताकद वाढवण्याच्या आणि पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी त्या फोनवर रोज दिसतात.

मुलींचे प्रश्न वेगळे, भीती तीच. पहिली पाळी आल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचं अंतर पडू शकतं. पाळी पंधरा दिवस लांबली की लगेच ‘पीसीओडी’ (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) शोधायची गरज नसते. अंगावरून थोडं पांढरं जाणंही नेहमीचंच. खाज, घाण वास किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

आपल्या भागात भाषेची अडचण मोठी आहे. मूल शिकतं मराठीत, आरोग्य केंद्रातले फलक कन्नडमध्ये आणि व्हिडिओ बहुतेक हिंदीत. मराठीत नीट लिहिलेली माहिती कमी, म्हणून वाईट माहितीला मोकळं रान मिळतं. याच मराठीत र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि 1934 साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या शंका आणि आजच्या मुलांच्या शंका फारशा वेगळ्या नाहीत. 2007 साली शाळांतला लैंगिक शिक्षणाचा किशोरशिक्षण कार्यक्रम महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी नाकारला, याचं मला फार वाईट वाटतं. शिकवल्यानं मुलं बिघडतात, हा समज जगभरच्या अभ्यासांपुढे टिकलेला नाही. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेतही ते स्पष्ट म्हटलं आहे.

मुलं दवाखान्यात जायला कचरतात त्यामागे ‘घरी कळेल’ ही धास्ती असते. अठराच्या आतल्या मुलामुलीचा लैंगिक संबंध आला असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं तो पोलिसांना कळवावा लागतो, हेही खरं. मात्र गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर तिचं नाव डॉक्टरांनी पोलिसांना उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं आहे. आणि पाळी, वीर्यपतन, स्तनांची वाढ, हस्तमैथुन यांबद्दल विचारण्यात कायद्याचा काहीच संबंध येत नाही. त्यासाठी कर्नाटकात सरकारी दवाखान्यांमध्ये 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी ‘स्नेहा क्लिनिक’ आहेत, आणि एचआयव्ही किंवा गुप्तरोगाची शंका असेल तर 1097 वर फोन फुकट लागतो.