हंबीर, शरीफ, आर्या: नावांतल्या कुलीनतेचा इतिहास

बाळाच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘राजा’, ‘श्रेष्ठ’, ‘कुलीन’ असे अर्थ एका शब्दात उरकलेले असतात. मराठी मुलखात मात्र अशा अर्थाची कित्येक नावे आधी किताब म्हणून दरबारात मिळाली आणि मग पाळण्यापर्यंत पोचली. ‘हंबीरराव’ हे त्याचे ठळक उदाहरण. १६७४ मध्ये प्रतापराव गुजर धारातीर्थी पडल्यावर शिवाजी महाराजांनी हंसाजी मोहिते यांना सरनोबत, म्हणजे सरसेनापती, नेमले आणि हा किताब दिला. ‘हंबीर’चे मूळ अरबी ‘अमीर’ या शब्दात आहे. त्याचे संस्कृत वळणाचे ‘हम्मीर’ हे रूप रुळले, इतके की महंमद घोरीच्या आणि इल्तुतमिशच्या नाण्यांवर नागरी अक्षरांत ‘श्री हमीर’ असे वाचायला मिळते. ‘राव’ हे ‘राजन्’चेच प्राकृतातून झिजत आलेले रूप. तेव्हा हे अस्सल मराठमोळे वाटणारे नाव अर्धे अरबी आणि अर्धे संस्कृत आहे.

असाच प्रवास भोसले घराण्यातही दिसतो. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि त्याच्याच नावावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगितले जाते. फारसी ‘शाह’ म्हणजे राजा आणि अरबी ‘शरीफ’ म्हणजे कुलीन. पुढे नाव गादीबरोबरही चालू लागले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि ‘शाहू’ झाले.

हे सारे वरच्या घरांपुरते होते, हे विसरून चालणार नाही. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. धोंडो, दगडू ही नावे मात्र केवळ या दंडकातून आलेली नाहीत, कारण मुले जगत नसली की प्रतिष्ठित घरांतही, दृष्ट लागू नये म्हणून, मुद्दाम असे ओबडधोबड नाव ठेवीत. पण आपणहून साधे नाव घेणे आणि दुसऱ्याने हीन नाव लादणे यांत फरक आहे. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, राहुल, यशोधरा ही नावे सर्रास आली, त्यांना म्हणूनच निव्वळ धार्मिक निवड म्हणणे अपुरे ठरेल. ही कपिलवस्तूच्या, म्हणजे बुद्धाच्या, राजघराण्यातली नावे आहेत.

राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले, तरी जन्मदाखल्यावर ‘युवराज’ किंवा ‘सम्राट’ लिहायला कोणाची आडकाठी नाही. मुलींमध्ये अलीकडे आवडते झालेले ‘आर्या’ हे नाव ‘आर्य’, म्हणजे श्रेष्ठ, आदरणीय, या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप होय. त्याचेच ‘आर्यिका’ हे रूप दिगंबर जैन साध्वींसाठी आजही वापरात आहे, आणि प्राकृतातल्या ‘अज्ज’मधून उतरत ते मराठी घरात ‘आजा’ आणि ‘आजी’ होऊन बसले आहे. नातीसाठी यादीतून शोधून काढलेला शब्द घरातल्या म्हातारीला अशा रीतीने आधीपासूनच लागू असतो.