भिंतीवरचा नंबर हलाल सांगत नाही

म्हापशातल्या एका खाणावळीत बिहारहून आलेल्या गवंड्याने विचारलं, "चिकन हलाल है क्या?" मालकाने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. फ्रेममध्ये होतं एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं लायसन्स! गवंडी निवांत जेवायला बसला. हा घोळ मी किती वेळा पाहिलाय, मोजणं सोडून दिलंय.

लायसन्सवरचा तो 14 आकडी नंबर सगळ्यांनाच ठाऊक असतो. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा, स्वच्छतेपुरता. हलालचा दाखला मात्र जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्था देतात, आणि देशात विकायच्या मालाला तो सक्तीचा नाही.

लायसन्स विचारतं पाणी कसलं, फ्रीज किती थंड, झुरळं आहेत का. कोंबडी कोणी कापली, कापताना अल्लाचं नाव घेतलं का, हे त्या अर्जात कुठेच नसतं. आणि आपल्या गोव्यात खरी मेख तव्यावर आहे. सकाळी ज्या तव्यावर चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज, परतला, त्यावरच दुपारी चिकन. तवा घासला की स्वच्छतेचं काम झालं. डुकराचं मांस वर्ज्य असलेल्याचं समाधान तेवढ्याने होईलच असं नाही. काफ्रियालमध्ये, म्हणजे हिरव्या मसाल्यातल्या गोवन चिकनमध्ये, कोणी रम घालतं, तेही भिंतीवरची फ्रेम सांगणार नाही. पाकिटावरचा तपकिरी त्रिकोणही फक्त मांसाहारी म्हणतो, प्राणी कोणता ते सांगत नाही.

"पण सरकारने हलालचे नियम केलेत की!" केलेत, निर्यातीसाठी. 2023 मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार हलाल म्हणून काही ठरावीक देशांत जाणाऱ्या मांसाला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेतला दाखला लागतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर प्रदेशाने हलाल-दाखल्याच्या मालाच्या विक्रीवर बंदी आणली, निर्यात सोडून. यातलं काहीही म्हापशातल्या रश्श्यापर्यंत पोचत नाही.

उलटा गैरसमजही तितकाच डोक्यात जातो: पाटीवर हलाल लिहिलंय म्हणजे स्वयंपाकघर चकाचक. मुळीच नाही.

म्हणून फ्रेमकडे न बघता विचारावं: कोंबडी कुठून आणता, कापतं कोण, चोरीसचा तवा वेगळा आहे का? मासळीला कापण्याची अट नाही. पण कुर्ल्या चालतात का यावरून कोकणातला शाफई आणि बिहारचा हनफी (हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ) एका टेबलावर वाद घालताना मी ऐकलेत. कोळंबीवरून तर हनफींतच एकमत नाही.