गॅप आलाय म्हणे!

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत कंबरेला पट्टा बांधलेला एक तरी माणूस भेटतोच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मणक्यात गॅप आलाय." परवा आमच्या गटातले एक काका एमआरआयचं भलंमोठं पाकीट काखोटीला मारूनच टेकडीवर आले. एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी (डिस्क) बाहेर आलेली, उजव्या पायात घोट्यापर्यंत कळ. त्यांचा प्रश्न, "हा गॅप भरायचा कसा?"

काका, गॅप येत नाही हो. झीज झाली की दोन मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं. गादी सरकतही नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती इतकी घट्ट चिकटलेली असते, की सरकायला वावच नाही. ती चिरते आणि आतला गर बाहेर डोकावतो.

आपल्या पाठीत-मानेत अशा २३ गाद्या आहेत. कडेला चिवट तंतूंचे १५ ते २५ थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, आणि मध्ये पाणी धरून ठेवणारा गर. दिवसभराच्या भाराने त्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत येतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो. वयाबरोबर कडेला बारीक चिरा पडतात. मग सिलिंडर उचलणं निमित्त होतं, कधी नुसती शिंकही पुरते. पुण्यातल्या खड्ड्यांना मी रोज शिव्या घालतो, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांत गाद्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचाच वाटा मोठा निघाला.

आता माझ्या आवडीचा भाग. मोठ्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते. तिथल्या पेशी मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपत येणाऱ्या अन्नावर जगतात. रक्ताशी गाठ नाही, म्हणजे रक्तातल्या पहारेकऱ्यांशीही नाही. आयुष्यभर गोषात राहिलेला हा गर एक दिवस चिरेतून बाहेर पडतो, तेव्हा रोगप्रतिकारक पेशींना तो परका वाटतो. त्या त्याच्यावर तुटून पडतात. टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सुटतात, सूज येते, शेजारची नस खवळते. १९९३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकरांमध्ये हा गर नसांच्या मुळांवर नुसता ठेवून पाहिला. दाब अजिबात दिला नाही, तरी नसांचं काम मंदावलं. "नस दबली" हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं.

पण गंमत पुढेच आहे. दुखवणारी ही सूजच सफाईचं कामही करते. गराच्या कडेने नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून भक्षक पेशी येतात. टीएनएफच्या इशाऱ्यावर त्या आणि गादीच्या स्वतःच्या पेशी मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं सोडतात. एक प्रकार गराची जाळी कापतो, दुसरा आणखी भक्षकांना आवतण धाडतो, आणि गर हळूहळू फस्त होतो. म्हणूनच जो तुकडा पाठीमागचा अस्थिबंध फोडून थेट रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात पडतो, तो विरघळण्याची शक्यता सर्वांत जास्त. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे (रिपोर्टात "सिक्वेस्ट्रेशन") ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसले होते, नुसत्या फुगलेल्या गाद्या मात्र १३ टक्क्यांतच. रिपोर्टातला सगळ्यात भीतिदायक शब्द कधीकधी सगळ्यात आशादायक असतो, तो असा.

आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत होती. लाथेनंतर बरं वाटायचंही, कारण न मारताही बरं वाटणारच होतं. "गादी जागेवर बसवून देतो" म्हणणाऱ्या आजच्या जाहिराती त्याच लाथेची महागडी आवृत्ती आहेत.

बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. लागतील तशी वेदनाशामकं, जमेल तितकं चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. अंथरुणाला खिळून राहण्याने फायदा होत नाही. शस्त्रक्रिया वाईट नव्हे. २००७ च्या डच चाचणीत एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्याला आधी थांबायला सांगितलं. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचा पाय आधी दुखायचा थांबला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवं.

काही लक्षणांत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला, बसताना टेकणारा भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मानेत तर शेजारी मज्जारज्जूच असतो. एरवी हातात कळ येते, पण शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूच दबत असू शकतो, तिथेही थांबायचं नाही.

काका ऐकून घेऊन म्हणाले, "मग तीन महिन्यांनी परत एमआरआय काढतो, गर गेला का बघायला." पाय बरा असेल तर कशाला? त्याच डच रुग्णांचे वर्षानंतर परत एमआरआय काढले होते. बाहेर आलेली गादी बऱ्या झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांत दिसली, आणि बऱ्या न झालेल्यांपैकी ३३ टक्क्यांत.